ख्याती कोणाची? : मायामीच्या सात नंबर केंद्राचा हिशेब

दूरचित्रवाणी म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर शेकडो वाहिन्यांची यादी उभी राहते. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र एकटे दूरदर्शन येते. त्या काळी दिल्लीहून जे निघेल ते गावोगावचे सहक्षेपण केंद्र जसेच्या तसे पुढे पाठवीत असे. त्या केंद्राला स्वतःचा गल्ला नव्हता, म्हणून नफ्या-तोट्याची काळजी नव्हती, आणि कार्यक्रम निवडण्याचा अधिकारही नव्हता. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा तर मधले केंद्रच उरले नाही. मुंबईची किंवा बंगळूरची वाहिनी केबलवाल्याच्या तारेतून थेट घरात आली.

या दोहोंहून निराळी अशी एक तिसरी व्यवस्था अमेरिकेत आहे. तेथे गावचे केंद्र गावातल्याच एखाद्या खाजगी मालकाचे असते. मनोरा त्याचा, परवाना त्याचा, नोकरमाणसे त्याची. मात्र संध्याकाळच्या मोठ्या मालिका, देशाच्या बातम्या आणि मोठे सामने त्याच्याकडे न्यूयॉर्कच्या नेटवर्ककडून येतात. एनबीसी, सीबीएस आणि एबीसी ही तीन जुनी नेटवर्क. १९८६ साली त्यांत फॉक्सची भर पडली. नेटवर्कशी करार करून त्याचे कार्यक्रम दाखविणाऱ्या केंद्राला 'संलग्न केंद्र' म्हणतात. काही मोठ्या शहरांत नेटवर्कची स्वतःच्या मालकीचीही केंद्रे असतात. पण देशभर सगळीकडे केंद्रे विकत घेण्याची मुभा कायदा देत नाही. १९८५ च्या नियमानुसार एका मालकाला जास्तीत जास्त १२ केंद्रे आणि देशातील साधारण २५ टक्के घरांपर्यंतचीच पोहोच ठेवता येत होती. बाजारपेठा मात्र दोनशेहून अधिक. तेव्हा नेटवर्कला संलग्न केंद्राची गरज आणि संलग्न केंद्राला नेटवर्कची, असा हा व्यवहार आहे.

आता हा विषय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने का घ्यावा, असे कोणी विचारील. भागीदारीची खाती शिकताना आपण सर्वांनी 'ख्याती'चे मूल्यांकन केलेले आहे. मागील काही वर्षांचा सरासरी नफा काढायचा, त्याला खरेदीच्या वर्षांनी गुणायचे, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या गणिताकडे वळायचे. परंतु ही ख्याती नेमकी कोणाची, माल पुरविणाऱ्याची की दुकान चालविणाऱ्याची, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. प्रत्यक्ष बाजारात मात्र तो येतो, आणि येतो तेव्हा उत्तराला वेळ फार थोडा असतो. फ्लोरिडा राज्यातील मायामी शहराच्या सात नंबरच्या केंद्रावर तो १९८७ साली आला. त्या एका केंद्राची ही कथा आहे.

परवाना

सात नंबरचे केंद्र २९ जुलै १९५६ रोजी सुरू झाले. त्याचे तेव्हाचे नाव डब्ल्यूसीकेटी. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील बहुतेक केंद्रांच्या नावाचे पहिले अक्षर डब्ल्यू असते. पुढची तीन अक्षरे मालकाच्या पसंतीची. येथे ती कॉक्स, नाइट आणि ट्रॅमेल या तीन आडनावांची होती. कॉक्स आणि नाइट ही मायामीच्या दोन प्रतिस्पर्धी दैनिकांची मालक घराणी, आणि नाइल्स ट्रॅमेल हे एनबीसीचे माजी अध्यक्ष. ज्या भागीदारीत नेटवर्कचा माजी अध्यक्ष आहे, तिला एनबीसीचे कार्यक्रम मिळाले यात नवल ते काय!

पण हवेतील लहरी ही जनतेची मालमत्ता मानली जाते. त्या वापरण्याचा परवाना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन हा सरकारी आयोग ठराविक मुदतीपुरता देतो. त्या काळी एकेका परवान्यासाठी अनेक अर्जदार असत. मायामीच्या परवान्यांसाठी काही अर्जदारांनी आयोगाच्या सदस्यांच्या खाजगी भेटीगाठी घेतल्याचे १९५८ च्या सुमारास संसदीय चौकशीत उघडकीस आले. दहा नंबरच्या केंद्राचे प्रकरण त्यांत सर्वांत गाजले; रिचर्ड मॅक या आयोग-सदस्याला राजीनामा द्यावा लागला. सात नंबरच्या मालकांचाही परवाना गेला. मूळ अर्जदारांपैकी ज्याच्यावर डाग नव्हता अशा सनबीम टेलिव्हिजन कंपनीकडे डिसेंबर १९६२ मध्ये तो आला. सनबीम ही सिडनी ॲन्सिन आणि त्यांचा मुलगा एडमंड ॲन्सिन यांची कंपनी. घराण्याचा मूळ व्यवसाय जमीन-जुमल्याचा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मालक बदलला, पण एनबीसीचा करार चालूच राहिला, आणि संध्याकाळी खुर्ची ओढून बसणाऱ्या प्रेक्षकाला काही फरक जाणवला असेल असे वाटत नाही. एनबीसीची मालिका पाहणाऱ्याला केंद्राचा धनी कोण याच्याशी कर्तव्य नसते. जून १९८३ मध्ये केंद्राने आपले नाव बदलून डब्ल्यूएसव्हीएन केले. इंग्रजीत 'सेव्हन' या शब्दातले स्वर गाळले की एस, व्ही, एन ही अक्षरे उरतात. मालकांच्या आडनावांऐवजी प्रेक्षकाला ठाऊक असलेला आकडाच नावात आणला, हे मला त्या मालकाच्या व्यापारी डोक्याचे पहिले लक्षण वाटते.

केंद्र चालते कसे

संलग्न केंद्राच्या उत्पन्नाची रचना आपल्याकडील दुकानापेक्षा वेगळी आहे. तेथे माल विकला जात नाही, वेळ विकला जातो. आणि गिऱ्हाईक म्हणजे प्रेक्षक नव्हे, जाहिरातदार. प्रेक्षक हा एका अर्थाने मालच. त्याची मोजदाद नील्सन ही कंपनी करते. पूर्वीपासून नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै हे चार महिने त्या मोजणीचे विशेष महिने. त्या आकड्यांवर पुढचे दर ठरत, म्हणून त्या महिन्यांत प्रत्येक केंद्र आपली खास वृत्तमाला बाहेर काढी. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर कापड दुकानदार नवा माल काचेत लावतात, तसेच ते.

नेटवर्क आपल्या कार्यक्रमात देशभराच्या जाहिराती स्वतः विकते आणि काही मोकळ्या जागा संलग्न केंद्रासाठी सोडते. त्या जागा केंद्र गावातल्या मोटार विक्रेत्यांना, फर्निचरवाल्यांना, वकिलांना विकते. दूरच्या शहरांतील मोठ्या जाहिरातदारांकडे जाण्यासाठी प्रतिनिधी कंपन्या असतात. त्या आपली दलाली कापून घेतात. नेटवर्कचे कार्यक्रम नसतील त्या वेळात केंद्र जुन्या मालिका किंवा गप्पांचे कार्यक्रम विकत घेऊन लावते. त्यांची किंमत कधी रोख देतात, तर कधी जाहिरातीच्या काही जागा विक्रेत्यालाच देऊन टाकतात. हा सरळ सरळ वस्तुविनिमय झाला. आपण तो पुस्तकात आदिम अर्थव्यवस्थेच्या प्रकरणात वाचतो, आणि तो विसाव्या शतकातल्या मायामीत चालू होता!

केंद्रात 'ट्रॅफिक' नावाचा एक विभाग असतो. त्याचा रस्त्याशी संबंध नाही. कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला कोणती जाहिरात जायची याची दिवसाची यादी तो विभाग करतो. त्या यादीबरहुकूम मुख्य नियंत्रण कक्षातला माणूस नेटवर्कचा प्रवाह आणि केंद्राची जाहिरात यांचा सांधा जुळवितो. नेटवर्कचा प्रवाह १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः टेलिफोन कंपनीच्या तारांवरून आणि सूक्ष्मलहरींच्या साखळीतून येई, नंतर उपग्रहावरून येऊ लागला. या धंद्यात शिल्लक माल असा नसतोच. साडेसहा वाजताचे तीस सेकंद विकले गेले नाहीत, तर साडेसहा वाजून तीस सेकंदांनी ते मेले. आपल्या चंदगड गाडीतील रिकामी सीट जशी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, तसाच हा प्रकार.

आता मुख्य मुद्दा कराराचा. अनेक वर्षे नेटवर्कच संलग्न केंद्राला पैसे देत असे. केंद्र आपला वेळ नेटवर्कला देते, म्हणून त्याचा मोबदला. केंद्राला एखादा कार्यक्रम नाकारण्याचा हक्क कायद्यानेच होता. दुसऱ्या बाजूने, हा करार एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळाचा करता येत नसे; तो निर्बंध १९८९ साली उठला. म्हणजे तीस वर्षांचा संबंध असला तरी तो दोन-दोन वर्षांच्या तुकड्यांचा बनलेला. बाहेरून पाहणाऱ्याला तो कायमचा वाटे, आणि बहुधा आतल्या माणसांनाही वाटत असावा. ताळेबंदात मनोरा दिसतो, इमारत दिसते, कॅमेरे दिसतात. नफ्याचा फार मोठा भाग ज्याच्यावर उभा आहे तो कागद मात्र मालमत्तेच्या बाजूला कोठेच नसतो.

मालक दुसरा, माल तिसऱ्याचा

मायामीतच चार नंबरचे केंद्र होते, डब्ल्यूटीव्हीजे. २१ मार्च १९४९ रोजी सुरू झालेले हे फ्लोरिडातील पहिले दूरचित्रवाणी केंद्र. ते वोमेटको या चित्रपटगृहांच्या कंपनीने काढले, आणि त्याचा स्टुडिओही कंपनीच्या एका जुन्या चित्रपटगृहातच होता. राल्फ रेनिक हे तेथे १९५० पासून १९८५ पर्यंत बातम्या देत होते. एकाच गावात, एकाच केंद्रावर, पस्तीस वर्षे एकच चेहरा! हे केंद्र सीबीएसचे संलग्न होते.

वोमेटकोचे संस्थापक मिचेल वुल्फसन १९८३ साली वारले. पुढच्या वर्षी केकेआर या न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदार कंपनीने सारी वोमेटको विकत घेतली. अशा कंपन्या कर्ज काढून धंदे घेतात आणि तुकडे करून विकतात. तेव्हा चार नंबरही विक्रीला आले. जानेवारी १९८७ मध्ये बातमी फुटली की चार नंबरचे केंद्र २७ कोटी डॉलरना घेतले जात आहे, आणि घेणार आहे एनबीसी.

म्हणजे जे नेटवर्क सात नंबरला कार्यक्रम पुरवीत होते, त्यानेच गावात शेजारचे दुकान घेतले. सात नंबरचा दोष काही नव्हता. एनबीसी त्या काळी देशात पहिल्या क्रमांकावर होती, १९८६ साली ती जनरल इलेक्ट्रिक या बलाढ्य कंपनीच्या हाती गेली होती, आणि मायामीसारख्या वाढत्या शहरात स्वतःच्या मालकीचे केंद्र असावे असे तिला वाटले, एवढेच. एजंटाने वीस वर्षे बाजार तयार करावा आणि मग कंपनीने तेथे आपला डेपो उघडावा, ही रीत जगभर सारखीच दिसते.

रविवार पेठेत माझ्या मामांकडे एका मोठ्या कंपनीच्या साबण-पावडरीची एजन्सी होती. खानापूरच्या दुकानदाराशी मराठीत आणि बैलहोंगलच्या दुकानदाराशी कन्नडमध्ये बोलून त्यांनी तो माल खेडोपाडी नेला. कंपनीने एके दिवशी पत्र पाठवून एजन्सी काढून घेतली. कारण विचारण्याची कोठे सोयच नव्हती. करारात तीस दिवसांची सूचना लिहिलेली होती आणि ती मिळाली होती. मामा तेव्हा म्हणाले होते, "गिऱ्हाईक आपलं समजून वागायचं रे, पण बिल कुणाच्या नावानं फाटतंय तेही बघून ठेवायचं." त्यांनी टेम्पो विकला नाही. त्याच दुकानदारांकडे आता ते निपाणीच्या आणि कोल्हापूरच्या लहान उत्पादकांचा माल पोहोचवितात. ॲन्सिन यांच्याविषयी वाचताना मला मामा आठवले, म्हणून हे लिहिले. असो.

एनबीसीला लवकर चार नंबरवर जायचे होते. पण सात नंबरशी तिचा करार १९८८ अखेरपर्यंतचा होता, आणि एडमंड ॲन्सिन यांनी तो आधी सोडण्यास नकार दिला. त्यांनी आयोगाकडेही हरकत नोंदविली. आयोगाने सप्टेंबर १९८७ मध्ये विक्रीला मान्यता दिली, तरी करार तो करारच. त्यामुळे मायामीत एक अजब दृश्य दिसले. चार नंबरची मालक एनबीसी, आणि त्यावर कार्यक्रम सीबीएसचे. तर एनबीसीचे कार्यक्रम सात नंबरवर, ज्याला एनबीसी सोडून जाणार हे सर्वांना ठाऊक. सव्वा वर्षाहून अधिक काळ हा संसार असाच चालला. बाटाच्या मालकीच्या दुकानात कोल्हापुरी चपला आणि कोल्हापुरीवाल्याकडे बाटाचे बूट अशी कल्पना करून पाहावी!

सात नंबरला वाटले की सीबीएस आपल्याकडे येईल. हिशेब सरळ होता. सीबीएसला घर हवे आणि आपल्याकडे घर आहे. पण सीबीएसनेही एजंटाऐवजी डेपोच पसंत केला. तिने १९८८ मध्ये सहा नंबरचे डब्ल्यूसीआयएक्स हे केंद्र ५ कोटी ९० लाख डॉलरना घेण्याचे ठरविले. या दोन किमती शेजारी ठेवून पाहाव्यात, कारण वाणिज्याच्या विद्यार्थ्याला त्यांत पुष्कळ शिकण्यासारखे आहे. एकाच शहराची दोन केंद्रे. एकाची किंमत दुसऱ्याच्या चौपटीहून अधिक. आणि चार नंबर विकत घेताना एनबीसीला सीबीएसचे कार्यक्रम मिळणार नव्हतेच. मग २७ कोटी कशाचे? एक तर पोहोचीचे. ऑरलँडो शहरातही सहा नंबरचे केंद्र असल्याने, एकमेकांत व्यत्यय नको म्हणून मायामीच्या सहा नंबरचा मनोरा दूर दक्षिणेला होमस्टेडकडे उभारावा लागला होता, आणि उत्तरेकडील फोर्ट लॉडरडेल भागात त्याचे चित्र अंधुक दिसे. आणि दुसरे, राल्फ रेनिक यांच्या पस्तीस वर्षांचे. जुन्या बातम्यांनी गावात कमावलेल्या विश्वासाचीही ती किंमत होती. ती ख्याती सीबीएसची नव्हती, चार नंबरची होती, आणि म्हणूनच ती विकता आली.

१ जानेवारी १९८९ ला बदल झाला. एनबीसी चारवर, सीबीएस सहावर. सात नंबरच्या वाट्याला फॉक्स आले. धक्का शेजारच्या बाजारपेठेतही गेला; वेस्ट पाम बीच येथे बारा नंबरने एबीसी सोडून सीबीएस घेतले, चौतीस नंबरचे सीबीएस गेले, आणि त्याच दिवशी जन्मलेल्या पंचवीस नंबरला एबीसी मिळाले.

रिकामा दिवस

फॉक्स आले म्हणजे काय आले? त्या वेळी फॉक्सचे संध्याकाळचे कार्यक्रम फक्त शनिवारी आणि रविवारी असत. सकाळचा देशव्यापी कार्यक्रम नाही, देशाच्या बातम्या नाहीत, दुपारच्या मालिका नाहीत. दिवसाचे कित्येक तास भरून देणारा पुरवठादार एका रात्रीत गेला होता आणि नवा पुरवठादार आठवड्यातून दोनदा येणार होता. त्या काळी नेटवर्क गमावलेले केंद्र साधारणपणे जुने चित्रपट आणि जुन्या मालिका लावून खर्च कमी करीत असे. सात नंबरने उलट केले. त्याने वृत्तविभाग वाढविला. पुढील काही वर्षांत तेथे दिवसाला सात तासांच्या आसपास स्थानिक बातम्या जाऊ लागल्या. वृत्तकक्ष आणि स्टुडिओ एकत्र करून त्यांनी 'न्यूजप्लेक्स' उभारले. निवेदकाच्या मागे माणसे धावपळ करताना प्रेक्षकाला दिसत.

यामागे धाडस होते, पण आंधळे धाडस नव्हते. परिव्यय लेखांकनाच्या तासाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकलेल्याला ते चटकन उमगेल. वार्ताहर, कॅमेरे, गाड्या, हेलिकॉप्टर हा स्थिर खर्च. एक तास बातम्या देण्यासाठी तो करावाच लागतो. तो केल्यावर दुसरा आणि तिसरा तास भरण्यास लागणारा जादा खर्च त्या मानाने थोडा, आणि विकत घेतलेल्या मालिकेपेक्षा तो कित्येकदा स्वस्त. शिवाय बातमीच्या तासातील सर्व जाहिराती केंद्राच्याच. नेटवर्कला त्यात वाटा नाही. आणखी एक सोय होती. इतर केंद्रे रात्री अकरापर्यंत नेटवर्कला बांधलेली, त्यांच्या बातम्या अकराला. सात नंबरवर बातम्या दहाला. लवकर झोपणारा माणूस आयताच मिळाला.

फॉक्सलाही आपल्या संलग्न केंद्रांनी बातम्या कराव्यात असे वाटत होते. डिसेंबर १९९३ मध्ये फॉक्सने चार वर्षांसाठी १५८ कोटी डॉलर देऊन अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांचे हक्क सीबीएसकडून खेचून घेतले. मे १९९४ मध्ये तर न्यू वर्ल्ड कंपनीची १२ केंद्रे एकदम फॉक्सकडे वळली. त्यांच्यापुढे प्रश्न तोच होता, थोडक्या नेटवर्कात मोठा दिवस भरायचा कसा. उत्तर मायामीत आधीच तयार होते. १९८९ साली ज्याची कीव केली गेली त्या केंद्राचा आराखडा पाच वर्षांत इतरांच्या उपयोगी पडला.

या यशाची दुसरी बाजू मांडल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. सात तास भरायचे तर रोज सात तासांपुरते घडायला हवे. ते घडत नाही. मग गल्लीतला खून, मोटारीचा पाठलाग, आग, यांना मोठ्या मथळ्यांनी, धडधडत्या संगीताने आणि भराभर बदलणाऱ्या चित्रांनी फुगविले जाऊ लागले. जोएल चीटवूड हे वृत्तसंपादक या शैलीमुळे देशभर ओळखले गेले. १९९२-९३ मध्ये फ्लोरिडात परदेशी पर्यटकांचे खून झाले आणि त्या बातम्यांना ऊत आला. शेवटी १९९४ मध्ये दक्षिण फ्लोरिडातील काही हॉटेलांनी आपल्या खोल्यांमधून सात नंबरच्या बातम्या बंद केल्या. पाहुणे घाबरतात, असे कारण देऊन. जाहिरातदार ज्या गावात पाहुणे यावेत म्हणून पैसे खर्च करतो, त्याच गावाचे भय विकून केंद्र पैसे मिळविते, ही विसंगती मला खटकते. एजन्सी गेल्यावर पायावर उभे राहणे कौतुकाचे खरेच, पण कोणता माल विकून, हा प्रश्न राहतोच. आपल्याकडील वृत्तवाहिन्यांवरची चौकटी-चौकटींची आरडाओरड पाहिली म्हणजे हा रोग केवळ मायामीचा नव्हे हे पटते.

त्याच काळातली एक उलट घटनाही नोंदवावी. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू हे चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेस आदळले. चार नंबरचे हवामानतज्ज्ञ ब्रायन नॉरक्रॉस रात्रभर शांत आवाजात लोकांना काय करावे ते सांगत राहिले, आणि गावाने ते लक्षात ठेवले. सहा नंबरचा होमस्टेडजवळचा मनोरा मात्र त्या वादळात कोसळला. सीबीएसची ही अडचण अखेर १० सप्टेंबर १९९५ ला सुटली. नेटवर्कांमधील एका मोठ्या अदलाबदलीत मायामीची दोन्ही केंद्रे आपापले क्रमांकच बदलून बसली. सीबीएस चारवर गेली, एनबीसी सहावर आली. म्हणजे ज्या चार नंबरसाठी एवढे रामायण घडले, तो क्रमांक एनबीसीने साडेआठ वर्षांत सोडून दिला.

मायामीत दुसरा एक बाजार याच काळात वाढत होता, आणि दोन विभाग असलेल्या या अंकाच्या वाचकांना तो जवळचा वाटेल. क्युबातून आणि इतर देशांतून आलेल्या लोकांमुळे शहराची मोठी वस्ती स्पॅनिश बोलते. तेवीस नंबर आणि एक्कावन्न नंबर ही स्पॅनिश केंद्रे त्यांची. तेवीसच्या बातम्यांना कित्येकदा इंग्रजी केंद्रांहून अधिक प्रेक्षक लाभले. २००२ साली एनबीसीने टेलेमुंडो हे स्पॅनिश नेटवर्कच विकत घेतले, तेव्हा एक्कावन्न नंबरही तिच्या घरचे झाले. एकाच इमारतीतून दोन भाषांत बातम्या निघतात. आपल्या शहरात दोन भाषांत वाद रंगतात, तेथे दोन भाषांत जाहिराती विकल्या जातात. आपणही व्यापारपेठेत तेच करतो म्हणा, फक्त सभेत कबूल करीत नाही!

पैशाची दिशा

१९९२ च्या केबल कायद्याने केंद्रांना एक नवा हक्क दिला. केबल कंपनीने केंद्राचे चित्र दाखवायचे तर केंद्राची संमती घ्यावी, आणि केंद्राने त्यासाठी मोबदला मागावा. प्रारंभी रोख फारसे मिळाले नाही, पण पुढे २००० नंतर ही रक्कम जाहिरातीच्या खालोखाल मोठे उत्पन्न झाली. तेव्हा नेटवर्क म्हणू लागले की लोक तुमचे चित्र आमच्या कार्यक्रमांसाठी घेतात, आमचा वाटा द्या. अशा रीतीने प्रवाह उलटा फिरला. पूर्वी नेटवर्क केंद्राला देत होते, आता केंद्र नेटवर्कला देते. 'ख्याती कोणाची' या प्रश्नाचे उत्तर आता दरवेळी कराराच्या टेबलावर रुपया-आण्यांत, म्हणजे डॉलर-सेंटांत, ठरू लागले.

ॲन्सिन यांना तो प्रश्न पुन्हा एकदा सोडवावा लागला. १९९३ मध्ये सनबीमने बॉस्टन शहरातील सात नंबरचे केंद्र घेतले; १९९५ पासून ते एनबीसीचे संलग्न झाले. २०१६ च्या जानेवारीत एनबीसीने जाहीर केले की बॉस्टनमध्येही आपण स्वतःचे केंद्र काढणार. ॲन्सिन मार्चमध्ये न्यायालयात गेले, मे महिन्यात दावा फेटाळला गेला. १ जानेवारी २०१७ पासून ते केंद्र कोणत्याही नेटवर्कविना, मुख्यतः स्वतःच्या बातम्यांवर उभे राहिले. मायामीचा आराखडा तेथे तयारच होता. एडमंड ॲन्सिन २६ जुलै २०२० रोजी वारले. केंद्रे कुटुंबाच्या कंपनीकडेच राहिली.

मायामीचे दहा नंबरचे केंद्र १९५७ पासून एबीसीचे. २०१४ पासून ते वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीच्या मालकीचे. २०२५ साली नव्या कराराच्या अटी जुळल्या नाहीत आणि दहा नंबर एबीसीवाचून राहिले. एबीसीने मायामीत नवे घर शोधले, ते सात नंबरकडे. अंकीय प्रक्षेपणात एका केंद्राला एकाहून अधिक उपवाहिन्या चालविता येतात. त्यामुळे ४ ऑगस्ट २०२५ पासून सात नंबरच्या मुख्य वाहिनीवर फॉक्स आणि 'सात बिंदू दोन' या उपवाहिनीवर एबीसी दिसू लागले. आणि दहा नंबरने, मोकळ्या झालेल्या वेळात, आपल्या स्थानिक बातम्यांचे तास वाढविले.